मण्यांचा राघू

तुमी गाव विचारलं म्हणून सांगतो, आमी मोशीचे, मूळचे, कुठनं आलेलो न्हाई आन कुठं गेलेलो बी न्हाई. इंद्रायणीच्या अंगाला आमची वावरं, बाप तिथंच राबला, त्याचा बाप तिथंच राबला, आता त्या वावरात इमारती झाल्यात आन त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर मी बसलोय, म्हणजे मी गाव सोडलं न्हाई, गावच वर चढलं, काय सांगू तुम्हाला. शाळा म्हणाल तर मारुतीच्या देवळात भरायची, मास्तरनं एकदा कान पिळला, चूक दुसऱ्याची आन कान माझा, त्या दिवसापास्नं गेलो न्हाई, बापानं काठी मोडली पाठीत, तरी गेलो न्हाई. असा मी. एकदा न्हाई म्हणलं की न्हाई. ह्या गुणावर घर उभं केलं आन ह्याच गुणानं एका पोरीचं वाटोळं केलं. वाटोळं म्हणू नका म्हणती ती. ती म्हणती म्हणून मी म्हणायचं सोडत न्हाई.

आता ह्या भिंतीकडं बघा. बघा की. काय हाय तिच्यावर? काय न्हाई. नातवानं पांढरी केली, वर छताला कसलं कसलं नक्षीचं लावलं, आत दिवं लपवलं, आन मला म्हणतो, आजोबा, खिळा मारायचा न्हाई, फिनिश जातं. माझ्या बायकोचा फोटू बी टेबलावर उभा केलाय, पाव्हण्यासारखा. आमच्या वेळेला मोकळी भिंत दिसली की लोक विचारायचं, कुणी गेलं का काय घरात? भिंत भरलेली पायजे. दिवाळीच्या आधी चुना मारायचा, चुन्यात नीळ टाकायची, सोपा कसा आभाळागत दिसायचा. सोपा म्हणजे आमची बसाउठायची पुढची खोली. खाली कमरेएवढा गेरूचा पट्टा. वर आढ्याखाली देवांचं फोटू एका वळीनं, सगळं जरा पुढं वाकलेलं, देव आपल्याकडं बघत्यात असं. मधी आरसा, आरशावर कागदी फुलांची माळ. माजघरात फळीवर तांब्या-पितळेची भांडी, चिंचेनं घासलेली, पाणी प्यायाला कधी काढायची न्हाईत, नुसती बघायची. लग्न झालं की दाराच्या दोन्ही अंगाला भालदार-चोपदार रंगवायचं, ते पाऊस धुवून न्हेईपातूर तिथं उभं. आज हसाल तुमी. पर आमाला ते थाटाचं वाटायचं, आन माझ्या सोप्याचा थाट गावात एक नंबर व्हता, हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगतो.

आन तो थाट माझा नव्हता, यमूचा व्हता.

यमू माझी पुतणी. धाकला भाऊ तापानं गेला, त्याच्या बायकोचा तिच्या माहेरच्यांनी दुसरा पाट लावून दिला, आमच्यात चालतंय ते, त्यात वंगाळ काय न्हाई, पर नव्या घरी पोर नको म्हणलं त्यांनी, तवा यमू आमच्याकडं आली, रांगती. माझी सुमन तिच्याच बरोबरीची. माझी बायको पारू, तिनं दोघींना एकाच ताटात जेवू घातलं, पारूला मी दोष देणार न्हाई. एका ताटात जेवल्या, एका वाकळंत निजल्या, फरक कुणी केला न्हाई. फरक मी केला, आन तो बी एकदाच केला, पर असा केला की पुरून उरला.

सुमन उंडगी पोरगी, हसरी, झाडावर चढायची, सुईत दोरा ओवायला बसवली तर दोरा कुणीकडं आन ही कुणीकडं. यमू गप. त्या वक्ताला पिंपरीला नुकतीच निर्वासितांची वस्ती बसली व्हती, सिंधी लोकांची, तिथली एक बाई गावोगाव पाठीवर गठुडं घेऊन यायची, सुया, दोरं, मणी, काचेच्या नळ्या, भरतकामाचं कापड. देवीबाई तिचं नाव, पर आमी सिंधीणबाईच म्हणायचो. घरदार टाकून आलेली बाई, पर कुणाच्या दारात हात पसरला न्हाई तिनं, म्हणून मला तिचा मान व्हता. सोप्याच्या पायरीवर बसून ती बायांना टाकं शिकवायची. आमच्या बाया बघायच्या आन इसरायच्या. यमू एकदा बघायची आन करायची. सिंधीणबाई मला म्हणायची, नाना, बेटी का हाथ देखो, हाथ नहीं, मशीन है मशीन.

मग आमच्या सोप्यात काय काय आलं म्हणता! दाराला नळ्यांचं तोरण, वारा आला की किणकिण किणकिण. कापडावर भरलेलं हरिण, काचेच्या चौकटीत. कमळातली लक्ष्मी. एक विंग्रजी अक्षरांची चौकट बी केली, सिंधीणबाईकडच्या नमुन्यावरनं, मी विचारलं हे काय लिवलंय, तर यमू म्हणली, मला काय ठावं नाना, या बसा असं काय तरी हाय. गावात कुणाला वाचता येईना पर येणारा प्रत्येकजण त्याच्याखाली येऊन बसायचा, म्हणजे बरोबरच असंल. आन सगळ्यात वर, आरशाच्या शेजारी, मण्यांचा राघू. हिरवागार, गळ्याला काळं-गुलाबी कडं, डोळा असा की तुमी हललात की तो हलायचा. चोच लाल, पर चोचीच्या टोकापातूर लाल मणी पुरलं न्हाईत आन सिंधीणबाई महिनाभर फिरकली न्हाई, तवा यमूनं टोकाला एक पांढरा मणी लावला. म्हणली, डाळींब खाताना दाणा अडकलाय त्याच्या चोचीत. हसलो आमी.

आता खरी गोष्ट हितनं सुरू हुती. आमच्याकडं पोरगी बघायला पाव्हणं आलं की पोरीच्या आधी भिंत बघायचं. चहा येईपातूर मान वर करून सगळं बघायचं, आन मग त्यांच्यातली थोरली बाई विचारायची, हे कुणी केलं ओ? आन पोरीच्या बापानं म्हणायचं, आमच्या पोरीनं. ठरलेलं. जसं देवाला नारळ, तसं हे. त्यावरनं पोरगी कामाची, नेटकी, डोळ्यानं धड, सगळं कळायचं. आन ज्यांच्या पोरींना येत नव्हतं ते काय करायचं? मागून आणायचं. वहिनीचं, मावशीचं, शेजारणीचं. सगळ्यांना ठावं, कुणी बोलायचं न्हाई. आमच्या यमूचा राघू तर इतका फिरला, इतका फिरला, की पारू म्हणायची, ह्या राघवानं जेवढ्या पोरी उजवल्या तेवढ्या भटानं उजवल्या नसतील. कुणी बी यायचं, नाना, तेवढा राघू द्या की उद्याच्याला पाव्हणं हायती. मी द्यायचो. मला मोठेपणा वाटायचा. एक डाव बी यमूला विचारलं न्हाई. तिच्या हाताचा राघू, आन देणारा मी.

सुमनला तळेगावचं स्थळ आलं. तळेगाव दाभाड्याचं. मुलगा तिथल्या काचेच्या कारखान्यात कामाला, घरची शेती, माणसं खानदानी. मला ते स्थळ लई मनात भरलं. आदल्याच दिवशी चिखलीहून राघू परत आला व्हता, पारूच्या चुलतभावाच्या पोरीला बघायला पाव्हणं आलं व्हतं म्हणून दिला व्हता. मी स्वतः धडप्यानं पुसला आन जाग्यावर टांगला. सुमनला नवी साडी. यमूला म्हणलं, तू आत राहा, चहाचं बघ. न्हाई, वंगाळ बोललो न्हाई, सहज म्हणलं. ती व्हय म्हणली.

पाव्हणं आलं. मुलाची आई म्हणजे काय बाई सांगू तुम्हाला, आक्का म्हणायचं सगळं तिला, उंचीपुरी, कपाळभर कुंकू, आवाज असा की गोठ्यातला बैल कान टवकारंल. नवरा तिच्या मागं सावलीगत. मुलगा सावळा, गप, हाताला भाजल्याच्या खुणा, काचंच्या कामात हुत्यात त्या. बसली सगळी. आक्कानं मान वर केली. तोरण बघितलं, हरिण बघितलं, लक्ष्मी बघितली. मग राघवावर तिची नजर थांबली, ती हालंचना. मी मनात म्हणलं, बघ बाई बघ, असलं तळेगावात न्हाई मिळायचं.

हे कुणी केलं ओ, दादा?

आमच्या सुमननं, मी म्हणलं. छाती फुगवून म्हणलं.

तवर तो मुलगा उठला, दारापाशी गेला, तोरणाची एक नळी बोटावर घेतली, उजेडाला धरली. काच वळखणारा माणूस. त्यानं सुमनला विचारलं, ह्या नळ्या कुठल्या ओ? आमच्याकडच्या न्हाईत ह्या. सुमनला काय ठावं? ती लाल झाली, माजघराच्या दाराकडं बघाया लागली. आन आतनं यमूचा आवाज आला, हळूच, पिंपरीच्या कॅम्पातल्या हायती, सिंधीणबाई आणती, हिरव्या लवकर तडकत्यात, पांढऱ्या टिकत्यात. मुलगा त्या दाराकडं बघत म्हणला, बरोबर हाय, हिरव्या तडकणारच, रंग जास्त पडलाय त्यात. झालं. एवढंच त्यांचं बोलणं, दाराआडचं. तेवढं बी मला अजून ऐकू येतंय.

आक्का हसाया लागली. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं. म्हणली, दादा, रागावू नका, पर ह्यो राघू मी चार दिसाखाली चिखलीला बघितला. तिथं बी एका पोरीनंच केला व्हता. तिथनं उडत उडत आमच्या आधी हितं आला व्हय? ह्यो बघा चोचीला पांढरा मणी. चिखलीला बी माझी नजर त्याच्यावरच अडकली व्हती. त्या पोरीला मी विचारलं, पांढरा का गं, तर ती म्हणली, चुकून लागला. मी म्हणलं, ही चूक न्हाई बाय, ज्यानं केलंय त्यानं जाणून केलंय.

तिचा नवरा हसला, मुलगा हसला, माझी सुमन सुदिक फिदीफिदी हसली, तिला कशाचंच काय न्हाई. पारू आतनं हसली. हसण्यावारी गेलं असतं, बघा. सगळं गाव तेच करायचं, आक्कानं बी तिच्या पोरीच्या वेळेला केलं असंल. पर माझ्या कानशिलात जाळ झाला. मी, ज्याचा सोपा गावात एक नंबर, त्याच्या सोप्यात बसून एक बाई त्याला खोटं पाडती आन घरदार हसतंय.

तेवढ्यात यमू चहा घेऊन आली. आक्कानं कप घेतला न्हाई, तिचा हात धरला. बोटांची टोकं दाबून बघितली, सुईनं घट्टं पडलेली. म्हणली, ही बया. ही कुणाची?

माझ्या भावाची.

मग दादा, आक्का म्हणली, झालं ते झालं, तुमची लेक गोड हाय, तिला कुठं बी घर मिळंल, पर आमच्या पोराला हिला द्या. बघा त्याच्याकडं, तो बी न्हाई म्हणत न्हाई. मी बघितलं. तो यमूकडं बघत व्हता. यमू खाली बघत व्हती, पर कपातला चहा हालत व्हता.

आन मी म्हणलं, तिचं ठरलंय.

कुठं?

चाकणला.

कुठनं आलं चाकण माझ्या तोंडात, मला आज बी सांगता येत न्हाई. कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला जायाचो, तेच आलं असंल. आक्का माझ्याकडं बघत राहिली, मग यमूचा हात सोडला आन म्हणली, मग आमचं नशीब. यमूनं ताट खाली ठेवलं. एक थेंब सांडला न्हाई. कप सगळ्यांच्या पुढं सारलं, कान उजवीकडं करून, आन आत गेली.

का म्हणलं मी असं? तुमच्या डोळ्यात दिसतंय मला, विचारा. रागानं म्हणलं, ते एक. पोटच्या पोरीला बघायला आलेलं पाव्हणं पुतणीला मागत्यात, गाव काय म्हणंल, ते दुसरं. आन तिसरं कुणाला सांगत न्हाई, तुम्हाला सांगतो, यमू गेली की माझा सोपा उघडा पडणार व्हता. हे तिसरं मला लई वर्षांनी उमगलं, पर उमगलं तवा लई लाज वाटली.

पाव्हणं गेल्यावर पारूनं भाकरी थापता थापता विचारलं, काय ओ, चाकणला कुणाच्यात ठरवलंत यमूचं? मी म्हणलं, गप बस. ती म्हणली, मी गप बसते, पर चाकण गप बसंल का? बाई शहाणी व्हती. तळेगावची माणसं बोलली, चिखलीला कळलं, मोशीत पसरलं, यमूचं चाकणला ठरलंय. बाजाराला गेलो की कांद्याच्या ढिगाऱ्यावरनं कुणी तरी विचारायचं, काय नाना, पुतणी इकडं देताय म्हणं, कुणाच्यात? मी म्हणायचो, बघतोय. आन ठरलेल्या पोरीला कोण मागणं घालतंय? कुणी आलं न्हाई. एकदा जाऊन म्हणायला पायजे व्हतं, राव, मी खोटं बोललो, तिचं काय ठरलेलं न्हाई. चार शब्द. तळेगाव काय लंकेत हाय? रेल्वेनं घटकेत जातंय माणूस. पर मी एकदा बोललो की बोललो. कान पिळलेली शाळा मी आयुष्यभर सोडलेलीच ठेवली बघा. पुढं ऐकलं, त्या मुलाचं दुसरीकडं झालं.

सुमनचं पुढल्या वर्षी झालं, भोसरीला, चांगल्या घरी. रुखवत सगळा यमूनं केला, मण्यांची बदकं, लोकरीचं आसन, साखरंचं तुळशी-वृंदावन. मांडवात मांडलं तर भोसरीच्या बायांनी डोळं इस्फारलं. आन सुमनच्या सासूनं विचारलं, हे कुणी केलं गं? मी तोंड उघडायच्या आधी सुमन म्हणली, माझ्या बहिणीनं केलंय आत्याबाई, मला तर सुई धराया येत न्हाई. भरल्या मांडवात. आन काय झालं सांगा? काय झालं न्हाई. सासू हसली, म्हणली, बरं झालं, आधीच सांगितलंस, तू भाकरी कर. संपलं. ज्याच्यासाठी मी एक पोर गावकुसाला टांगून ठेवली, ते खोटं बोलायची गरजच नव्हती. हे कळण्यापरीस मांडव डोक्यावर पडला असता तरी बरं झालं असतं.

मग पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू झाला. सिंधीणबाईची पोरगी तिथं लागली, बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, बारीक हाताच्या बाया पायजेत म्हणून घेत व्हतं. एके दिवशी मी सोप्यात सुपारी कातरत बसलो व्हतो, यमू पुढं येऊन उभी राहिली. तिनं जन्मात मला काय मागितलं नव्हतं. म्हणली, नाना, मी कारखान्यात जाऊ का? राहायचं सिंधीणबाईकडं, सुट्टीला घरी यायचं.

मी म्हणलं, आपल्या घरातल्या बाया कारखान्यात जात न्हाईत. न्हाई म्हणजे न्हाई.

ती हालली न्हाई. आवाज चढवला न्हाई. म्हणली, तुमी पाव्हण्यांना सांगितलंत माझं चाकणला ठरलंय. घर दाखवा मला नाना, मी तिथं जाते. घर नसंल, तर मी कारखान्यात जाते.

सुपारी हातात तशीच राहिली. पारू दारात येऊन उभी राहिली, तिनं यमूचं गठुडं आधीच बांधून ठेवलं व्हतं, मला मागनं कळलं. यमू गेली. वारं सुटलं व्हतं, तोरण किणकिणत व्हतं, ती त्याच्या खालनं वाकून गेली आन मी जा बी म्हणलं न्हाई, ये बी म्हणलं न्हाई.

मी बोललो न्हाई तिच्याशी. किती काळ? लई. ती सुट्टीला यायची, पारूच्या हातात हात घालून बसायची, माझ्या पाया पडायची, मी पाय पुढं करायचो, तोंड दुसरीकडं. गाव बोलायचं, बिनलग्नाची पोर कॅम्पात राहती. मी ते बी ऐकून घ्यायचो, जसं काय तिनंच माझं वाईट केलं! बघा माणूस कसा असतो. चूक माझी आन रुसलेलो बी मीच.

मग तिला कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली, तिच्या जोडीला कामाला असलेली साताऱ्याकडची एक बाई व्हती, दोघींत एक. पारू म्हणली, पोरीनं घर मांडलंय, मी जाते, तुमाला यायचं तर या, न्हाई तर म्हशी बघा. पारू बांगड्या भरत व्हती तवर मी उठलो आन भिंतीवरनं राघू काढला. का काढला, ठावं न्हाई. काढला तर त्याच्याखाली भिंत निळीशार, नव्या नवरीसारखी, आन भोवतीनं सगळी चुलीच्या धुरानं काळवंडलेली, यमू गेल्यापास्नं चुना मारलाच नव्हता. मला कळलंच नव्हतं सोपा एवढा काळा झालाय. राघू टावेलात गुंडाळला आन बैलगाडीत मांडीवर घेऊन बसलो.

खोली म्हणाल तर लख्ख. दोन खाटा, स्टो, पाण्याचं पिंप, दोरीवर घड्या घातलेल्या साड्या. यमूनं मला बघितलं आन दारातच थबकली, मग पाया पडली आन खाटंवर चादर अंथरली. मी बसलो, मान वर केली. सवयच ती. आन भिंत मोकळी. चारी भिंती मोकळ्या. एक मणी न्हाई, एक धागा न्हाई, एक फोटू न्हाई. गावभरच्या भिंती भरणारी पोर, आन तिच्या भिंतीवर काय न्हाई.

इतक्या दिसांनी मी तिच्याशी पयला शब्द बोललो तो हा, भिंत मोकळी का गं?

कुणाला दाखवायचीय, नाना? ती म्हणली. टोमणा न्हाई बरं. खरंच विचारलं तिनं.

मी राघू काढला टावेलातनं. ती बघत राहिली. मी म्हणलं, खिळा हाय का? तिच्या जोडीदारणीनं शेजारनं हातोडी आणून दिली. आमच्या मातीच्या भिंतीत खिळा लोण्यात जावा तसा जायाचा, इथं सिमिट, पयला खिळा वाकला, चुन्याचा पोपडा पडला, दुसरा कसाबसा तिरका गेला. राघू टांगला. तिरकाच लटकला, माझ्याकडं मान वाकडी करून बघतोय असा. यमू चहा गाळत व्हती. ती साताऱ्याची बाई म्हणली, अगं बया, किती गोड राघू! कुणी केलाय?

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगतो, उघडलं. यमूनं, एवढं म्हणायचं व्हतं.

आन यमू, चहाकडंच बघत, म्हणली, आमच्या सुमननं.

आन हसली. पारू बी हसली, मग पदर तोंडाला लावला आन तिच्या डोळ्याला पाणी आलं. त्या बाईला काय कळलं न्हाई. चहा हातात आला, पोळला म्हणून मी बाहेर गेलो, नळापाशी जाऊन उभा राहिलो, तोंड धुतलं, परत धुतलं. आत जाऊन म्हणता आलं असतं, खोटं बोलती ही, हिनंच केलाय. तेवढं बी झालं न्हाई माझ्याच्यानं. चहा पिऊन निघालो. पर त्या दिवसापास्नं बोलाया लागलो तिच्याशी, तेवढं एक.

तिनं लगीन केलं न्हाई. पुढं मी स्थळं बघितली, तिनं न्हाई म्हणलं. म्हणली, नाना, न्हाई म्हणायला मी तुमच्याकडनंच शिकले. कारखान्यात सुपरवायजर झाली, बाया तिला ताई म्हणायच्या, आता सांगवीला स्वतःच्या दोन खोल्या हायती. ऐतवारी येती बसनं, ह्या वयात, केस पांढरं, डोळ्यात मोतीबिंदू, आन माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं असंल तर न बघता लावती, नुसत्या बोटांनी. सुमन गेली, पारू गेली, सुमनच्या घरचा तो रुखवत तिच्या सुनंनं भंगारवाल्याला दिला, कोण ठेवतंय आता असलं. मी मागितला असता तर दिला असता, मागितला न्हाई. राघू मात्र हाय. यमूच्या भिंतीवर हाय, अजून तिरकाच.

मागं सांगवीला गेलो तवा म्हणलं, यमू, आता बाजारात पायजे तेवढं लाल मणी मिळत्यात, त्याच्या चोचीचं टोक तेवढं लाल कर की. ती म्हणली, न्हाई नाना, राहू द्या. त्या एका मण्यावरनंच मला कुणी तरी वळखलं व्हतं.



आता तुमी लिवताय न्हवं हे सगळं, मग लिवा. तोरण यमूनं केलं, हरिण यमूनं केलं, लक्ष्मी यमूनं केली, राघू यमूनं केला. सुमनच्या रुखवतातली बदकं बी यमूनंच. आन तिचं चाकणला काय ठरलेलं नव्हतं, हे बी लिवा, तळेगावचं कुणी वाचलं तर वाचू दे. तिला सुखी ठेव असं देवाला म्हणायचा मला हक्क न्हाई, तरी रोज म्हणतो, देवानं ऐकलं तर ऐकलं. आन लिवून झालं की एकदा माझ्याकडं या, कागद हितं माझ्या पुढ्यात धरा, आन यमू कुठं लिवलंय त्याच्यावर माझं बोट ठेवा. दोनच तर अक्षरं हायती. तेवढी मला वाचता येत्यात.